विषाणूच्या पोथीवरचा पहारा



व्याख्यानमालेत विज्ञानाचा विषय निघाला की श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर थोडी काळजी उमटते, हे आम्ही जाणून आहोत. इतिहासावर बोलणारा वक्ता निदान एखादी लढाई तरी सांगतो. आज आम्हीही एक लढाईच सांगणार आहोत; मात्र तिचे रणांगण एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील दोन भागांएवढे आहे. आणि या लढाईत बहुतेक वेळा लढाई होतच नाही, हीच तिच्यातली खरी गोष्ट आहे.

नाथषष्ठीला अजून फार दिवस लोटलेले नाहीत. पैठणची वाट तुमच्या चितेगावाच्या दारावरून जाते, तेव्हा फाल्गुनातल्या दिंड्या तुम्हांला नव्याने सांगावयास नकोत. पण घरात कोणी ऐंशी-नव्वदीचे माणूस असेल तर त्याला एकदा विचारून पाहा. यात्रा म्हटली की त्या पिढीच्या मनात विठ्ठल आणि नाथ यांच्या मागोमाग आणखी एक नाव येई, ते पटकीचे. हजारो माणसे एका पाण्यावर जमत, आणि परतणाऱ्यांच्या पायांबरोबर रोग गावोगाव पोचे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नाही, अशी त्याची रीत. गावकरी मरीआईचा गाडा सजवीत, वाजतगाजत शिवेपर्यंत नेत आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून येत. पुढचे गाव तो त्याच्या पुढे ढकली. या प्रथेस आज हसणे सोपे आहे. परंतु रोग गावातला नव्हे, बाहेरून आलेला आहे, कोणी तरी तो आणला आहे, ही जी समजूत तिच्या बुडाशी होती ती पुढे एका फार वेगळ्या अर्थाने खरी ठरली. तो अर्थ उलगडून सांगणे हे आजचे काम.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने 1884 च्या सुरुवातीस कलकत्त्यात वेगळा काढला. स्वल्पविरामासारखा वाकडा, शेपटीने वळवळणारा. हा जंतू आतड्यात काही तरी विष सोडत असावा, असा तर्कही कॉखने केला. पण ते विष कोणाला दाखविता येईना. जंतू रक्तात शिरत नाही, आतड्याचे मांस कुरतडत नाही. मग माणूस घटका-दोन घटकांत असा आटतो कसा? हा प्रश्न तब्बल पंचाहत्तर वर्षे लोंबकळत राहिला, आणि 1959 साली तो सुटला तो आपल्याच देशात, दोन ठिकाणी. कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधला, जंतू गाळून काढलेले नुसते पाणी त्यात सोडले, आणि तो तुकडा पाण्याने फुगलेला दाखविला. मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी जंतूंचा जिवंत अंश नसलेला अर्क सशाच्या तान्ह्या पिल्लांना पाजून त्यांच्यात पटकी उत्पन्न केली. तान्ह्या सशांची ही युक्ती दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी त्याआधी 1955 साली बसविली होती. मोठ्या सशांना पटकी होत नसे. पिल्लांना होते हे ध्यानात येणे, हीच अर्धी बाजी होती. डे यांचे नाव आता उशिरा का होईना घेतले जाते. परळच्या या मंडळींचे नाव मात्र मराठी माणसाच्या कानावरही क्वचितच पडते, म्हणून आम्ही ते मुद्दाम सावकाश उच्चारले.

तर विष सापडले. ते काय करते हेही पुढे कळले. आतड्याच्या पेशीत मीठपाणी बाहेर सोडण्याची एक कळ असते. गरजेपुरती उघडते आणि मिटते. पटकीचे विष ती कळ उघडी असतानाच पक्की अडकवून टाकते. मग पाणी वाहतच राहते. दुखणे जोराचे असले तर तासाला एक लिटरपर्यंत. 1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेच्या पाण्यावर भर दिला आणि तिथला मृत्यूचा आकडा शेकडा तीसच्या आसपास होता तो चारांच्या खाली आणला. कळ दुरुस्त होत नव्हती. पण पेशी झडून नव्या येईपर्यंत माणूस तगवता येत होता.

आता खरी मेख. पटकीचा म्हणून ओळखला जाणारा जंतू खाड्यांत आणि नद्यांत सर्वत्र नांदतो, आणि त्यांतला बहुसंख्य निरुपद्रवी आहे. त्याला विष बनवताच येत नाही. एकाच घराण्यातला एक भाऊ माणसे मारतो आणि दुसरा मुकाट पाण्यात राहतो, याचे कारण काय? 1996 साली मॅथ्यू वॉल्डोर आणि जॉन मेकालानोस या बोस्टनच्या दोघा संशोधकांनी याचे उत्तर दिले. विष बनविण्याची कृती जंतूची नाहीच. ती एका विषाणूची आहे. हा विषाणू जंतूच्या अंगावरील केसांसारख्या तंतूंना धरून आत शिरतो, आपली सुमारे सात हजार अक्षरांची छोटी पोथी जंतूच्या पोथीत शिवून टाकतो आणि तिथेच राहतो. त्या पोथीतली दोन पाने म्हणजे पटकी. ज्या जंतूकडे हा पाहुणा उतरला तो मारक; ज्याच्याकडे उतरला नाही तो बापुडा निरुपद्रवी. म्हणजे मरीआई बाहेरूनच आली म्हणावयाची. फक्त गावात नव्हे, जंतूत!

येथे श्रोत्यांपैकी कोणी विचारील की, विषाणू म्हणजे तर घरात शिरून घर फोडणारा दरोडेखोर. तो पाहुणा होऊन पिढ्यान्‌पिढ्या राहतो कसा? प्रश्न अगदी बरोबर आहे. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंचा शोध 1915 मध्ये ट्वॉर्टने आणि 1917 मध्ये द'एरेलने लावला तेव्हा ते दरोडेखोरच दिसत होते. त्याहूनही आधी, 1896 साली, आग्र्यास असलेल्या हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने गंगायमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि तेच पाणी उकळले तर मरत नाहीत असे नमूद केले होते. तो प्रभाव विषाणूंचाच होता की काय यावर अजून वाद चालतो. पृथ्वीवर असे विषाणू एकावर एकतीस शून्ये मांडावीत इतके असावेत असा अंदाज आहे. त्यांतले पुष्कळ दरोडेखोर आहेतच. पण काहींना दोन्ही विद्या येतात. आज पाहुणा, उद्या दरोडेखोर. आणि केव्हा कोणते सोंग घ्यावयाचे हे ठरविणारी जी कळ आहे, ती ज्या विषाणूत प्रथम नीट उलगडली त्याचे नाव लॅम्डा. पटकीचे पुढे पाहू. आधी लॅम्डाकडे जाणे भाग आहे, कारण सगळी भाषा तिथे शिकावी लागते.

लॅम्डाचा यजमान म्हणजे आपल्या सर्वांच्या आतड्यात राहणारा इ. कोलाय हा जंतू. प्रयोगशाळांत या जंतूचा एक वाण 1922 पासून पाळला जात होता; घटसर्पातून उठलेल्या एका रोग्यापासून तो घेतलेला. तीस वर्षे हजारो हातांतून गेला, आणि त्याच्या पोटात कोणी पाहुणा आहे याचा कोणाला पत्ता नव्हता. 1951 साली एस्थर लेडरबर्ग यांनी तो पाहुणा हुडकला. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी दुसऱ्या एका जंतूवर एक चमत्कार करून दाखविला होता. पिढ्यान्‌पिढ्या शांत असलेल्या जंतूंवर त्यांनी अतिनील किरणांचा झोत टाकला; जंतू काही वेळ नेहमीसारखे वाढले, आणि मग अवघे फुटले. प्रत्येकातून विषाणूंचे लोंढे बाहेर पडले. झोतात विषाणू नव्हते. ते घरातच होते, झोपलेले.

मग त्यांना झोपवून कोणी ठेवले होते? ल्वॉफ यांच्या शेजारच्याच खोल्यांतून काम करणारे फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी उत्तर सुचविले की जंतूत कोणी तरी रोधक असला पाहिजे; तो विषाणूची पोथी वाचू देत नाही. तिघांना 1965 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि रोधक हा तोवर केवळ तर्क होता. कोणी त्याला पाहिले नव्हते, हातात धरले नव्हते, आणि तो कोणत्या पदार्थाचा आहे यावरही एकमत नव्हते.

त्याला पकडण्याची हकीकत आम्हांला फार आवडते. हार्वर्ड विद्यापीठात दोन बाजूंनी शर्यत लागली होती. वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी 1966 च्या अखेरीस जंतूच्या स्वतःच्या एका रोधकाला पकडले. आणि काही आठवड्यांतच, 1967 च्या आरंभी, मार्क टाश्न याने लॅम्डाच्या रोधकाला. टाश्नपुढची अडचण अशी की, जंतूत हजारो जातींची प्रथिने असतात आणि त्यांत रोधक मूठभर. बाजारात एक माणूस हरवावा तसे. त्याने प्रथम अतिनील किरणांचा इतका मारा केला की जंतूचा स्वतःचा प्रथिनांचा कारखाना जवळजवळ बंद पडला. मग त्यात लॅम्डाची पुष्कळ पिल्लावळ सोडली, म्हणजे नवे जे काही बनेल ते बहुतांशी विषाणूचेच. दोन भांडी घेतली: एकात धड लॅम्डा, दुसऱ्यात रोधक बनविता न येणारा लॅम्डा. दोहोंना निरनिराळ्या किरणोत्सारी खुणेचा खुराक दिला आणि सगळे एकत्र करून गाळले. ज्या प्रथिनावर एकाच भांड्याची खूण होती, ते हवे असलेले. पण तोच रोधक आहे याचा पुरावा? त्याने ते लॅम्डाच्या पोथीत मिसळले, तर ते पोथीला चिकटून तिच्याबरोबर खाली बसले. मग रोधकाच्या बैठकीपुरताच फरक असलेली दुसरी पोथी घेतली. तिला ते चिकटेना. रोधक प्रथिन आहे, आणि तो पोथीच्या नेमक्या जागेवरच जाऊन बसतो, हे दोन्ही एकदम सिद्ध झाले.

आता कळीची रचना. येथे थोडे लक्ष द्यावे अशी विनंती आहे. पुढे सर्व सोपे आहे.

लॅम्डाची पोथी, म्हणजे त्याचा डीएनए, 48,502 अक्षरांची. पेशीत नकलनवीस असतात. कचेरीतल्या नकलनवीसाप्रमाणे ते एका अध्यायाच्या आरंभी येऊन बसतात आणि त्याची नक्कल उतरवून घेतात. त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होते. बसावयास जागा नसेल तर नक्कल नाही, नक्कल नसेल तर प्रथिन नाही. लॅम्डाच्या पोथीत एक अशी जागा आहे की जिथून दोन अध्याय सुरू होतात, एक डावीकडे जातो आणि एक उजवीकडे. डावीकडचा अध्याय रोधकाचा. उजवीकडच्या अध्यायात पहिले नाव क्रो नावाच्या प्रथिनाचे, आणि त्याच्यामागून दरोड्याची सगळी सामग्री. या दोन आरंभांच्या मधोमध तीन पाट मांडलेले आहेत असे समजा. पहिले दोन पाट उजव्या अध्यायाच्या नकलनवीसाच्या वाटेत येतात, तिसरा डाव्याच्या.

रोधकाला पहिला पाट सर्वांत आवडतो. रोधक जोडीजोडीने येतात. एक जोडी पहिल्या पाटावर बसली की ती शेजारच्या पाटावर दुसरीला ओढून घेते. दोन पाट भरले, उजवी वाट बंद, दरोडा बंद. एवढेच असते तर साधे कुलूपच झाले असते. पण दुसऱ्या पाटावरची जोडी आणखी एक काम करते: ती डावीकडच्या नकलनवीसाला हात देऊन बसविते. म्हणजे रोधक आपल्याच अध्यायाची नक्कल करवून घेतो, आणि नवे रोधक तयार होतात. जंतू दुभंगून दोन झाला तरी दोन्ही लेकींना रोधकांचा वाटा मिळतो आणि पहारा चालू राहतो. आणि रोधक फार झाले तर? मग ते नाइलाजाने तिसऱ्या पाटावरही बसतात, डावी वाटही बंद होते, आणि उत्पादन आपोआप थांबते. एका जंतूत शेदोनशे रोधक. ना कमी, ना फार. कोणी मुनीम नाही, कोणी हिशेब ठेवीत नाही. तीन पाटांची मांडणी हाच हिशेब.

या रस्त्यावर टीव्हीचे संच बनत असताना ज्यांनी त्या कारखान्यांत काम केले, असे पुष्कळजण येथे बसले असतील. त्यांना बटण म्हणजे काय ते आम्ही सांगावयास नको. चांगले बटण अर्ध्यावर राहत नाही. ते इकडे तरी असते किंवा तिकडे. लॅम्डाच्या बटणाचा हा करकरीतपणा शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओढून घेण्यात आहे. जोड्या एकमेकींच्या आधाराने बसलेल्या असतात, म्हणून रोधक थोडे कमी झाले तर काही बिघडत नाही. पण एका मर्यादेखाली गेले की एक उठते, तिच्यामागून दुसरी उठते, आणि पाट झपाट्याने मोकळे होतात. मग उजवीकडचा नकलनवीस बसतो, क्रो तयार होतो, आणि या क्रोची आवड नेमकी उलटी: त्याला तिसरा पाट आधी हवा. तो तिथे बसला की रोधकाचा अध्यायच बंद. परतीची वाट उरत नाही. पाऊण तासात जंतू फुटतो आणि शंभरेक नवे लॅम्डा बाहेर पडतात.

तीन पाट तेच, आणि बसणारे दोघे. कोण कोणत्या पाटावर आधी बसतो एवढ्यावर एका जिवाचे मरण-जगणे ठरते. निसर्गात याहून काटकसरीची यंत्रणा आम्हांला तरी ठाऊक नाही.

मग अतिनील किरण नेमके काय करतात? किरणांनी जंतूची पोथी फाटते. ती फाटली की जंतूत एक संकटाची हाळी उठते. रेक-ए नावाचे प्रथिन फाटक्या धाग्यांना बिलगते आणि जंतूच्या स्वतःच्या लेक्स-ए या रोधकाला, जो दुरुस्तीची हत्यारे कुलपात ठेवून बसलेला असतो, स्वतःचे दोन तुकडे करून घ्यावयास लावते. दुरुस्तीचे कोठार उघडते. ही जंतूची घरगुती व्यवस्था. लॅम्डाने काय केले, तर आपला रोधक त्याच साच्याचा ठेवला. दोन गोळे आणि मध्ये एक दोरी, 236 दुव्यांची साखळी. जंतूची हाळी उठताच लॅम्डाच्या रोधकाचीही दोरी तुटते, जोड्या सुटतात, पाट मोकळे होतात. यजमानाच्या घराला आग लागल्याचे पाहुण्याला यजमानाच्याच घंटेवरून कळते, आणि तो सामान बांधून निघतो. निघताना घर फोडतो, हे सांगावयास नकोच.

उलट बाजूही आहे. लॅम्डा प्रथम आत शिरतो तेव्हा राहावयाचे की फोडावयाचे हे तो यजमानाची चूल पाहून ठरवितो. जंतू भरपूर खाऊनपिऊन असला तर पहाऱ्याची सुरुवात करून देणारे एक नाजूक प्रथिन जंतूत लवकर नष्ट होते, आणि दरोड्याकडे कल जातो. जंतू उपाशी असला, किंवा एकाच घरात बरेच लॅम्डा एकदम शिरले, तर ते प्रथिन टिकते, रोधकाची पहिली खेप तयार होते, आणि विषाणू मुक्काम ठोकतो. बाहेर दुष्काळ असताना शंभर पोरे जन्माला घालून त्यांना शिकार कोणती द्यावयाची? 1972 साल पाहिलेल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे कळावयास वेळ लागणार नाही. कोरड्या जमिनीत तो बी टाकीत नाही. कणगीत राखून ठेवतो.

मुक्कामी पाहुणा असताना दुसरा लॅम्डा दारात आला तर? त्याची पोथी आत येते, पण घरात तरंगणारे रोधक तिच्याही पाटांवर जाऊन बसतात, आणि नवागताचे तोंड उघडण्याआधीच मिटते. आपल्याच जातीच्या दुसऱ्यापासून हे संरक्षण. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी तिचे काम आहे.

आता आपण पुन्हा पटकीकडे वळू. तिच्या विषाणूलाही रोधक आहे. त्याचे नाव आरएसटीआर. लॅम्डाशी याचे फारसे नाते नाही, पण बसण्याची तऱ्हा तीच, एकमेकांच्या आधाराने आणि घोळक्याने. मात्र येथे एक गमतीचा फरक आहे. संकटाची हाळी उठली तर आरएसटीआर स्वतः तुटत नाही. त्याच्या शेजारी यजमानाचा लेक्स-ए देखील पहाऱ्याला बसविलेला असतो. तुटतो तो लेक्स-ए, आणि पहारा सैल पडतो. दुसरे असे की, हा विषाणू घर फोडीत नाही. जंतूच्या अंगातून नवे विषाणू निमूटपणे बाहेर पाझरतात आणि शेजारच्या निरुपद्रवी जंतूंत विषाची पाने घेऊन शिरतात. आतड्यात विष कधी बनावयाचे याचा हुकूम बहुतांशी जंतूची स्वतःची दुसरी यंत्रणा देते, हेही सांगणे न्याय्य होईल. सर्व पाप एका रोधकाच्या माथी मारू नये. पण विषाची विद्या एका जंतूतून दुसऱ्यात पसरते ती याच दारातून.

जेथे विष आणि पहारा यांचा थेट संबंध आहे असे उदाहरण 2011 साली जर्मनीत घडले. मोड आलेल्या मेथीतून, होय, आपल्याच मेथीतून, आतड्याचा एक जंतू पसरला. सुमारे 3,800 लोक आजारी पडले आणि पन्नासांहून अधिक दगावले. पुष्कळांची मूत्रपिंडे बंद पडली. तो जंतू मूळचा एवढा भयंकर नव्हता. लॅम्डाच्या कुळातला एक विषाणू त्याच्यात उतरला होता, आणि शिगा नावाच्या विषाची पाने त्या विषाणूच्या दरोड्याच्या अध्यायात आहेत. म्हणजे पहारा आहे तोवर विष जवळजवळ नाही; पहारा उठला की विषही आणि विषाणूही. आणि पहारा उठविणाऱ्या गोष्टींत आपली काही औषधे मोडतात. जंतूची पोथी फाडणारी जी प्रतिजैविके आहेत, ती जंतूला मारतात खरी, पण मरतामरता तो संकटाची हाळी देतो. म्हणून असल्या जंतूचा संशय असेल तर जाणता डॉक्टर प्रतिजैविक देताना दहादा विचार करतो.

आपल्या तालुक्याच्या ठिकाणी, गावोगाव, जुलाब लागले की दुकानात जाऊन दोन गोळ्या मागावयाच्या आणि बरे वाटले की उरलेल्या कपाटात टाकावयाच्या, ही रूढी झाली आहे. त्या गोळ्यांत पुष्कळदा सिप्रोफ्लॉक्सासिन असते. 1992 साली मद्रासेत पटकीच्या जंतूचा एक नवा प्रकार निघाला. त्याच्या पोथीत एक फिरता प्रकरण-संच होता, जो एका जंतूतून दुसऱ्यात जातो आणि कित्येक औषधांना निष्प्रभ करण्याची विद्या बरोबर नेतो. तो विषाणू नव्हे, पण त्याच्या दारावर बसलेला रोधक मात्र लॅम्डाच्या रोधकाचा भाऊबंद. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की सिप्रोफ्लॉक्सासिन दिल्यावर हाळी उठते, हा पहारा उठतो, आणि त्या संचाचे स्थलांतर पुष्कळ पटींनी वाढते. अर्धवट घेतलेली गोळी जंतूला नुसती जिवंत सोडीत नाही. ती त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांत शस्त्रे वाटावयास लावते.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे औषध घेऊच नये काय? असे आम्ही म्हटलेले नाही. पटकी जोराची असेल तर मीठसाखरेच्या पाण्याबरोबर डॉक्टर योग्य ते प्रतिजैविक देतातच, आणि ते ठरलेल्या मात्रेत घ्यावयाचे असते. पण साध्या जुलाबात पहिले औषध पाणी, मीठ आणि साखर हे आहे; त्याने कोणत्याही जंतूच्या घरातली घंटा वाजत नाही.

एक गोष्ट राहिली. पटकीची जिवंत लस करताना शास्त्रज्ञ जंतूतून विषाची पाने कापून काढतात आणि असा दात पाडलेला जंतू माणसाला पाजतात. भीती एवढीच की, बाहेरचा विषाणू येऊन त्याला ती पाने परत देऊन गेला तर? 1998 साली किम्सी आणि वॉल्डोर यांनी यावर एक तोड सुचविली, आणि ती मघाच्या संरक्षणावरच बेतलेली आहे. लशीच्या जंतूत विषाणू नको, पण त्याचा रोधक ठेवावा. विषाणू दारात आला तरी त्याच्या पाटांवर आधीच कोणी तरी बसलेले असेल आणि त्याला आपला विस्तार करता येणार नाही. अडचण अशी निघाली की पटकीच्या जुन्या घराण्याच्या विषाणूचा रोधक वेगळा आणि 1961 पासून जगभर पसरलेल्या एल टॉर घराण्याचा वेगळा; एकाचा पहारेकरी दुसऱ्याच्या पाटाला ओळखीत नाही. तेव्हा पहारेकरी एक ठेवून भागत नाही, ज्याज्या घराण्याची भीती त्यात्या घराण्याचा निराळा ठेवावा लागतो.

अध्यक्षमहाराजांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, आणि समोर बरीच तरुण मंडळी वह्या उघडून बसलेली दिसतात. तेव्हा आम्ही येथे थांबतो.